मागे घेतलेल्या ठरावांची बाई

जेवताना मीठ हवं असलं तरी ती आधी हात वर करायची. आमचे हे "बोला, मॅडम" म्हणाले की मगच म्हणायची, "मीठ."

"हात काहून वर करतं वं, शाळेत बसल्यावानी?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"एका टायमाले एकानंच बोलावं. सगळे संगं बोलले तं नोंद घेनाऱ्याचे हाल होतात."

"इथं कोन नोंद घेऊन राह्यलं?"

"तेच तं," ती म्हणाली, आणि वाटीभर वरणात मीठ टाकून ढवळत बसली.

कामरगावच्या आमच्या घराला मागच्या अंगानं एक खोली आहे. तिथे ती एका दिवाळीनंतर आली आणि हरभरा निघेपर्यंत राहिली. नागपूरला पुतणीच्या घरात लहान लेकरं, कागद पसरायला जागा नाही, तुझी मागची खोली रिकामी आहे असं समजलं, असं तिचं पत्र आलं होतं. मी हो म्हणून कळवलं. मायेनं कळवलं असं वाटेल तुम्हाला. तसं नव्हतं. मला तिला जवळून पाहायचं होतं, आणि एक गोष्ट तोंडावर विचारायची होती.

ती माझ्या माहेरची. मेडशीकडचं आमचं गाव, सातवीपर्यंत शाळा, आणि त्या शाळेत आम्ही दोघी एका पट्टीवर बसायचो. तिचे मायबाप दुसऱ्याच्या विहिरीवर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे. माय टोपलं घेऊन आमच्या दारात यायची आणि आमच्याकडे मोलभाव न करता देऊन जायची, कारण माझे बाबा आमदार होते. एकदाच निवडून आले, पुन्हा उभे राहिले नाहीत. तर अशा घरातली मी सातवी झाले आणि माझं लग्न झालं. आणि त्याच वर्षी जूनमध्ये माझ्या बाबांनी वांगेवालीच्या पोरीला वाशीमला नेऊन आठवीत घातलं. आपल्या मावसबहिणीच्या घरी ठेवलं, पुस्तकं घेऊन दिली. अख्खं गाव म्हणालं, माणूस किती मोठ्या मनाचा. मी सासरी सोळा माणसांच्या भाकरी थापत होते, तिथे मला ही बातमी समजली. तवा तापलेला होता. मी पण.

पुढे ती नागपूरला प्राध्यापक झाली. राज्यशास्त्र शिकवायची, पण तिचा खरा विषय विधिमंडळाचा इतिहास, आणि त्यातही एक अगदी कोपऱ्यातला तुकडा. आमदार एखादा ठराव मांडतो, बाकीचे बोलतात, मंत्री म्हणतात सरकार विचार करेल, आमदार खाली बसतो, आणि कामकाजाच्या छापील वृत्तांतात एक ओळ पडते: ठराव सभागृहाच्या अनुमतीने मागे घेण्यात आला. झालं. ह्या ओळी गोळा करण्यात त्या बाईचा जन्म गेला. जे ठराव मंजूर झाले त्यांच्याकडे ती पाहायचीही नाही.

आमचे हे एकदा म्हणाले, "मॅडम, जे झालंच नाही त्याचा कायचा इतिहास?"

"झालेलं तं सगळ्याईलेच दिसते, भाऊजी. रस्ता झाला तं दिसते, तलाव झाला तं दिसते. मागं घेतलेलं कोन पायते?"

आणि हे मान डोलावत बसले. तासभर! ओसरीत खाट टाकून, "मंग? मंग मंत्री काय म्हणले?" असं विचारत. मी एवढी वर्षं यांच्या शेजारी बसून वाचलं. वाण्याच्या पुडीचे कागद वाचले, ग्रामपंचायतीच्या वाचनालयातलं कपाट वरपासून खालपर्यंत वाचलं, शेळीपालनाची पुस्तिकासुद्धा सोडली नाही. या माणसानं कधी विचारलं नाही की काय वाचतेस. विचारलं तर एवढंच, की भाजी करपली का, वास येऊन राह्यला.

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या चष्म्याचा वाटायचा, तिच्या विटक्या सुती साड्यांचा वाटायचा, कारण ते विटकेपण पैसे नसल्याचं नव्हतं, लक्ष नसल्याचं होतं. लक्ष दुसरीकडे असायला दुसरीकडे काहीतरी असावं लागतं ना.

तिची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी. टिपणं करायला तिला विकतचा कागद चालायचा नाही. लग्नपत्रिका लागायच्या. एका पत्रिकेचे कैचीनं चार तुकडे करायची, कोऱ्या बाजूवर लिहायची. आपण कुणाच्या लग्नाला जायची नाही, पण लग्नसराई संपली की घरोघरी फिरून विचारायची, "पत्रिका फेकल्या तं नाई ना?" तेलाच्या रिकाम्या डब्यांत ते तुकडे रचलेले. उलटून पाहिलं की कुठे अर्धा गणपती, कुठे नुसतंच "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं". आणि पाठीमागे सिंचनाचा मागे घेतलेला ठराव.

कुणी काही म्हणालं की तिचा ठरलेला प्रश्न, "नोंद हाय का?" शेजारीण म्हणाली, यंदा थंडी लई पडली. "नोंद हाय का?" हे म्हणाले, तुमची मैत्रीण तरुणपणी लई रागीट होती. "नोंद हाय का?" मी आतून ओरडले, "ह्याईच्या पाठीवर हाय." तेव्हा ती इतकी हसली की चष्मा काढावा लागला. वाईट नव्हती हो. वाईट असती तर सोपं गेलं असतं मला.

आणि कंस. वृत्तांत लिहिणारे लोक सभागृहात माणसं हसली की कंसात "हशा" लिहितात, गोंधळ झाला की "अडथळा" लिहितात. हिच्या डोक्यात तेच बसलेलं. यांनी एखादा विनोद केला आणि कुणी हसलं नाही, तर ही शांतपणे म्हणायची, "कंसात काई नाई, भाऊजी."

एकदा आम्ही दोघी कारंज्याला चाललो होतो. यष्टीत चढली ती सरळ आमदार-खासदारांसाठी राखून ठेवलेल्या सीटवर जाऊन बसली. मी मागे उभी. कंडक्टर आला.

"मावशी, ही सीट आमदाराची हाय."

"मालूम हाय. ते आले की उठतो मी."

"आमदार कधी यष्टीनं येते का, मावशी?"

"मंग वरची अक्षरं खोडून टाका. अक्षरं हायेत तं जागा राखनारं कोनीतरी पायजे का नाई?"

सगळी गाडी हसली. तिने पिशवीतून पत्रिकेचा तुकडा काढला आणि काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. तारीख, गाडीचं गाव, आणि कंसात हशा.

"माह्या सीटचं काय?" मी म्हटलं.

"तू आमदाराची पोरगी. तुह्यासाठी राखीव नाई."

ती थट्टेत बोलली. माझ्या काळजात मात्र ते कारंज्यापर्यंत रुतून बसलं. माझ्यासाठी राखीव काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं.

आता ती गोष्ट सांगते जी मला तोंडावर विचारायची होती.

तिचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा मी ते मनीऑर्डर करून मागवलं. कुणाला सांगितलं नाही. तीनदा वाचलं, आणि मन लावून वाचलं ते चुका काढायला. सापडल्या. मी पोस्टकार्ड घेतलं, खाली नाव न घालता लिहिलं: मेडशी रिसोड तालुक्यात नाही, मालेगाव तालुक्यात आहे, एवढं तरी माहीत असावं. दुसऱ्या कार्डात लिहिलं: ज्या काळाबद्दल तुम्ही लिहिता त्या काळी आपल्याकडे सोयाबीन नव्हतं, कपाशी होती, विद्वान माणसानं जरा शेतात जाऊन यावं. कार्ड पेटीत टाकून घरी आले की मला दिवसभर बरं वाटायचं. पुढच्या छपाईत चुका दुरुस्त झाल्या आणि सुरुवातीला एक ओळ आली, एका अनामिक वाचकाचे आभार. ती ओळ मी किती वेळा पाहिली ते सांगत नाही.

पण त्या पुस्तकात मागे एक यादी होती. आपल्या भागातल्या ज्या ज्या आमदारांनी ठराव मागे घेतले त्यांची नावं. सगळे होते. एका वर्षात मुदत संपलेले होते, जेमतेम दोन वाक्यं बोललेले होते. माझ्या बाबांचं नाव नव्हतं. बाबांनी एकदा ठराव मांडून मागे घेतला होता हे गावात सगळ्यांना माहीत. कशाचा, ते आठवत नव्हतं कुणाला. कुणी म्हणे पुलाचा, कुणी म्हणे दवाखान्याचा. बाबांनी स्वतः कधी तोंडातून काढलं नाही. ज्या माणसानं हिला शाळेत घातलं, त्याचं नाव यादीत नाही!

पुढे माहेरच्या शाळेत तिचा सत्कार झाला. माजी आमदारांची कन्या म्हणून शाल मलाच द्यायला लावली. मी शाल तिच्या अंगावर घातली, तिने वाकून घेतली. मग बोलायला उभी राहिली. गुरुजींचं नाव घेतलं, मायच्या टोपल्याचं घेतलं, मुंबईच्या ग्रंथालयातल्या शिपायाचंसुद्धा घेतलं. बाबांचं नाही. मी पुढच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. हात जळत होते.

तर ती मागच्या खोलीत राहायला आली ती नव्या आवृत्तीचं काम घेऊन. महिना दोन महिने मी गप्प राहिले. एका सकाळी मी अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत होते, ती समोर पत्रिकांचे तुकडे लावत बसली होती. मी हात वर केला. थट्टेनं नाही. तसा केल्याशिवाय ती ऐकणार नाही, हे मला कळलं होतं.

"बोला," ती म्हणाली.

"तुह्या यादीत माह्या बाबाचं नाव काहून नाई?"

ती वर पाहीना. "नोंद नसंन सापडली."

"खोटं. खोटं बोलली की कान खाजवतं तू, पहिलीपासून."

तिने कानावरचा हात खाली घेतला. उठून आत गेली आणि एक झेरॉक्सचं पान घेऊन आली. घड्यांवर विरलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. माझ्या मांडीवर भाजीच्या वरच ठेवलं.

मी वाचलं. बाबांचं बोलणं होतं. आमच्या बाबांचं, आणि किती शुद्ध! माझा ठराव एवढाच आहे की, ज्या गावांत सातवीपर्यंतच शाळा आहे तेथील मुलींना पुढे शिकता यावे म्हणून तालुक्याच्या ठिकाणी त्यांच्यासाठी वसतिगृह काढावे. त्याखाली कुणी एक सन्माननीय सदस्य विचारतात: ठराव मांडणाऱ्या सदस्यांची स्वतःची मुलगी कितवीत आहे? बाबा म्हणतात: सातवीत आहे. तिचे लग्न ठरले आहे. कंसात हशा. तोच सदस्य: मग वसतिगृहात कोण राहणार, जावईबापू? पुन्हा कंसात हशा. आणि मग ती ओळ. ठराव सभागृहाच्या अनुमतीने मागे घेण्यात आला.

दोनदा हसले. एकदा नाही, दोनदा.

"हे तुले कवा भेटलं?" मी विचारलं.

"डॉक्टरेटचं काम चालू होतं तवा. त्या दिवशी मी जेवली नाई." ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. "मले वाटे, तुह्या बाबानं, काकाजीनं मले शिकवलं कारन मी हुशार होती. हे पान वाचलं अन् समजलं. सभागृहात हसू झालं त्याईचं, वसतिगृह झालं नाई, म्हनून मले नेऊन ठेवलं. मी त्या हशाचं उत्तर होती. अन् जागा खरी तुही होती."

"मंग छापलं काहून नाई? तू तं कानामात्रा सोडत नाई."

"तू वाचशीन म्हनून."

"मी? मी कवा वाचलं तुह्यं पुस्तक?"

"अवं, कार्डावर नाव नाई टाकलं, पन शिक्का तं कामरगावचाच. कामरगावात माह्यं पुस्तक वाचनारे किती असतीन?"

मला तेव्हा हसू आलं नाही. दोन दिवसांनी आलं.

"सत्कारात नाव काहून नाई घेतलं?"

"तू समोर बसली होती. तुह्याच हातची शाल अंगावर. काय तोंडानं घेऊ?"

मग तिने विचारलं, "आता टाकू का? तू म्हनशीन तसं. काकाजीले हसतीन लोक."

तिने कुणाला विचारून काही छापल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "टाक. एकदा हसलेच हायेत."

तिने लगेच तुकडा घेतला, पेन उघडलं. "त्या टायमाचं आनखी काई आठवते का तुले?"

नाही म्हणणार होते. आणि मग ते आलं. इतकी वर्षं ते माझ्याजवळ होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

आमच्या घरात कर्ते मोठे काका. बाबा बाहेर आमदार, पण घरात काकांसमोर खाली मान घालून जेवायचे. माझं साक्षगंध काकांनीच ठरवून टाकलं होतं. बाबा अधिवेशनाला निघाले त्या सकाळी विहिरीपाशी हातपाय धूत होते, मी पाणी घालत होते. काका ओसरीत होते म्हणून मी हळूच विचारलं, "बाबा, मी आठवीत जाऊ?" बाबांनी ओसरीकडे पाहिलं. धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि म्हणाले, "नागपूरले जातोच हावो. तिथं विचारून पाहतो."

मला वाटलं, बाबांनी टाळलं. माझ्या आठवीचं नागपुरात कोणाला विचारणार होते? नातलग नाही, कोणी नाही. पन्नास वर्षं मी तो राग धरून बसले होते. आणि मांडीवरच्या त्या पानावर लिहिलेलं होतं की बाबांनी विचारलं. घरात एका भावाला विचारायची हिंमत नव्हती, म्हणून अख्ख्या सभागृहाला विचारलं.

मी तिला हे सांगितलं.

तिच्या हातातलं पेन थांबलं. "म्हंजे तो ठराव खेड्यातल्या पोरींसाठी नव्हता," ती सावकाश म्हणाली.

"नाई."

"तुह्यासाठी होता."

"माह्या एकटीसाठी."

आणि तेव्हा मी तिच्या तोंडावर ते पाहिलं, जे माझ्या तोंडावर मी रोज आरशात पाहत आले होते. ओठ जरा आत ओढलेले, डोळे दुसरीकडे. तिला माझा हेवा वाटला. तिला! वांग्याच्या वाफ्यातून उठून नागपूरला गेलेल्या, दोन पुस्तकं लिहिलेल्या बाईला माझ्या बापाच्या एका वाक्याचा हेवा वाटला. मी मोठ्या मनाची असते तर मला तिची कीव आली असती. मला गोड लागलं.

मग ती भानावर आली आणि एकदम घाई करायला लागली. "शब्द तेच होते का? 'विचारतो' म्हनले का 'विचारून पाहतो'? कोन होतं तिथं आनखी? सांग, सांग, लिहून घेतो."

"नाई."

"काय नाई?"

"हे नाई लिहायचं."

"अवं, ही साक्ष हाय! याच्याबिगर ते पान अर्धं हाय!"

"मालूम हाय मले."

दोन दिवस ती माझ्या मागे फिरली. चुलीपाशी, गोठ्यात, नळावर. रागावली, रडकुंडीला आली, यांना मध्ये घातलं. हे म्हणाले, "दे ना वं, एका वाक्यानं काय होते?" मी म्हटलं, "आठवी तिले भेटली, वाशीम भेटलं, नागपूर भेटलं. माहा नवरा बी तासतास तिच्याच गोष्टी ऐकते. एक वाक्य माह्यापाशी राहू द्या."

त्यानंतर तिने विचारलं नाही. हरभरा निघाला, ती डबे घेऊन नागपूरला गेली.

नवी आवृत्ती आली. यादीत बाबांचं नाव आहे, ते पानही जसंच्या तसं आहे. मी उघडलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. त्यात बाबा उभे राहतात, लोक दोनदा हसतात, बाबा खाली बसतात. वाचणाऱ्याला वाटतं, काय बावळट माणूस, पोरीचं लग्न लावतो आणि वसतिगृह मागतो. एकही शब्द खोटा नाही. आणि हे पान असं राहिलं ते माझ्यामुळे, कारण तिला द्यायचं नाही म्हणून मी बाबांना तिथे हशात बसवून ठेवलं.

म्हणून ह्या वयात हे लिहायला बसले. पुस्तकं लिहिणाऱ्यांसारखं मला जमत नाही, बोलते तसं लिहिलं. तिची नजर आता पार गेली आहे, पुतणी वाचून दाखवते म्हणतात. हेही दाखवेलच.

तर नीट ऐक. 'विचारतो' नव्हे, "तिथं विचारून पाहतो." विहिरीपाशी आम्ही दोघंच होतो. तिसरं कुणी नव्हतं. तुला पाहिजे असेल तर आता घे उतरवून, पण खाली माझं नाव घालून.